खणभाग ते मिरज

टेम्पोवरून गाडी उतरवायला सहा माणसं लागली. चारही चाकं जाम झाली होती, टायर जमिनीला टेकून पसरले होते, त्यामुळे ती ढकलून सरकत नव्हती. खाली ओंडके घालून, पहारीनं रेटत रेटत आम्ही ती सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली आणली. एकानं उत्साहानं बोनेट उघडलं, तर आतून हळदीची पूड भसकन उडाली आणि सगळे शिंकायला लागले.

"आण्णा, बाहेर या!" मी हाक मारली. "बघा तरी कोण आलंय!"

आण्णा हातात पेपर आणि कपाळावर चष्मा अशा अवतारात बाहेर आले आणि पायरीवरच थबकले. त्यांनी चष्मा खाली ओढला. मागच्या पाटीवरचे आकडे गंजानं निम्मे खाल्ले होते, पण ते त्यांना वाचायची गरज नव्हती.

"ही कुठं मिळाली तुला?"

"हुक्केरींच्या वखारीत. पोत्यांच्या मागं पडली होती. शेठचा नातू वखार पाडतोय. भंगारात घालणार होता. मी म्हटलं, मला दे. तो म्हणाला, घेऊन जा."

"आणि हितं कशाला आणलीस?"

"दुरुस्त करायला. तुम्ही सांगायचं, मी करायचं. रविवारचा उद्योग."

आण्णांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. टपावर हात ठेवला, उचलून तळवा पाहिला, पिवळा झाला होता. तो लेंग्याला पुसला आणि आत निघून गेले. त्याच वेळी स्वयंपाकघराची खिडकी आतून बंद झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, धुरळा आत येतो म्हणून आईनं लावली असेल.

याला आता वीस वर्षं होत आली. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवत होते, लग्न केलं नव्हतं आणि आईवडील माझ्याजवळ राहत होते. माझे वडील केरबा सुतार हे हळदीचे अडते हुक्केरी शेठ यांचे ड्रायव्हर. शेठनी सहासष्ट साली ही अँबेसिडर नवीकोरी घेतली, त्या दिवसापासून पुढं बावीस वर्षं ती आण्णांच्याच हातात होती. शेठ वारले, मुलांनी नव्या गाड्या घेतल्या आणि ही वखारीत गेली.

माझ्या लहानपणी सुट्टीच्या दिवशी आण्णा मला शेठच्या वाड्यावर न्यायचे. ते गाडी धुवायचे आणि मी स्टिअरिंगमागं बसून तोंडानं आवाज काढायचे. एकदा त्यांनी बोनेट उघडून मला कडेवर घेतलं आणि पंखा कशानं फिरतो ते दाखवलं. मी सात-आठ वर्षांची असेन. पुढं डिप्लोमाला चाळीस पोरांत मी एकटी मुलगी होते. का आलीस इकडं, असं कुणी विचारलं की मी त्या पंख्याची गोष्ट सांगायचे. तेव्हा ती गाडी अंगणात आली याचा मला किती आनंद झाला असेल ते सांगायला नको. पुढच्या वर्षी आण्णांचा पासष्टावा वाढदिवस होता. गाडी चालू करायची, किल्ली त्यांच्या हातात द्यायची आणि मागं शेठच्या जागेवर आईला बसवायचं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. बावीस वर्षांत आई त्या गाडीत एकदाही बसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले तर आण्णा जुना शर्ट घालून गाडीपाशी उकिडवे बसलेले.

"करायचीच असंल तर नीट करू," माझ्याकडं न बघता ते म्हणाले. "अर्धवट ठेवायची न्हाई."

"रविवारी सुरू करू की."

"रविवार कशाला? मी रिकामाच हाय."

आणि खरोखरच रविवारचा उद्योग तो राहिलाच नाही. मी संध्याकाळी घरी यायचे तेव्हा आण्णांनी काहीतरी सोडवून ठेवलेलं असायचं. रॉकेलच्या डब्यात नटबोल्ट भिजत असायचे. पायाखालचा पत्रा इतका गेला होता की आतून जमीन दिसायची. तो गॅरेजवाल्या इस्माईल मिस्त्रींनी कापून नवा जोडला. इंजिन आम्ही दोघांनी मोकळं केलं. ब्लॉक बोअर मारून आणला, नवे पिस्टन, नव्या रिंगा घातल्या. व्हॉल्व्ह मात्र आण्णांनी स्वतः घासले. लाकडी दांडी दोन्ही तळव्यांत धरून, ताक घुसळावं तशी ती फिरवत ते तासन्‌तास बसायचे आणि तो घर्रघर्र आवाज घरभर ऐकू यायचा.

इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डेल्कोच्या पॉइंटमधलं अंतर लावायची वेळ आली तेव्हा मी माझी पात्यांची गेज काढली.

"ते काय असतंय?" आण्णांनी विचारलं.

"अंतर मोजायचं. बरोबर पंधरा थाऊ पाहिजे, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा एक कोपरा फाडला, बोटांत चाचपला, पॉइंटमध्ये सरकवून स्क्रू आवळला आणि म्हणाले, "आता मोज."

मी मोजलं. पंधरा थाऊ. हसायला आलं मला. आण्णा मात्र हसले नाहीत.

"केव्हा चालू व्हईल?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न ते दर चार दिवसांनी विचारायचे. मी म्हणायचे, घाई काय आहे आपल्याला, छंद म्हणून तर करतोय. त्यावर ते दुप्पट जोमानं कामाला लागायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला जुनी मैत्रीण भेटलीय. कॉलेजात मी कौतुकानं सांगायचे, आमचे आण्णा दहा वर्षांनी तरुण झालेत म्हणून.

आई मात्र अंगणात येईनाशी झाली होती. तिचं तुळशीचं वृंदावन त्याच अंगणात होतं. गाडी आल्यापासून तिनं तुळशीची एक फांदी कुंडीत लावून कुंडी मागच्या दारी ठेवली. आम्हा दोघांचा चहा ती उंबऱ्याच्या आत ठेवायची आणि "चहा" एवढं म्हणून वळायची.

"आई, एकदा बघ तरी गं," मी एकदा म्हटलं. "रंग कसला सुरेख आलाय. पहिल्यासारखाच पांढरा दिलाय."

"मला ठाव हाय कसला हाय ते."

"तुला आवडत नाही का आम्ही हे करतोय ते?"

"तुमचं तुम्ही करा की बाई. मी काय म्हणलं का?" ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा खटकली होती. कुशनवाल्याकडं द्यायला म्हणून आम्ही मागची सीट उपसून काढली. तिच्या फटीत बावीस वर्षांचा ऐवज निघाला: एक हेअरपिन, दोन सुपाऱ्या, कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण आणि चिमूटभर अक्षता. हळदीकुंकवानं रंगवलेले तांदूळ, वाळून कडकडीत झालेले. मी म्हटलं, "आण्णा, बघा, कुणाच्या लग्नाच्या असतील!" आण्णांनी त्या तळहातावर घेतल्या. थोडा वेळ बघत राहिले. मग पेरूच्या बुडाशी टाकल्या आणि नळाखाली हात धुवायला गेले. नळ कितीतरी वेळ चालू होता. मी मान वर करून पाहिलं तर हात स्वच्छ झाले होते तरी ते धूतच होते.

"काय झालं?"

"काय न्हाई. गिरीस जाईना."

गिरीस त्या दिवशी लागलंच नव्हतं. पण मी त्यावर पुढं विचार केला नाही.

अकरा महिने लागले. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. आधी दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं. आण्णा कार्बोरेटरवर वाकले होते. त्यांनी स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि आवाज एकदम सुतासारखा सरळ झाला. पेरूच्या झाडावरचे पक्षी उडाले. मी टाळ्या वाजवल्या. कागदपत्रं मी आधीच करून ठेवली होती, चाकांखाली ठेवायला लिंबंही आणली होती. झेंडूचा हार मी बोनेटवर चढवला, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून आण्णांच्या हातात दिली.

"तुमची गाडी, आण्णा. चला, आईला घेऊन नरसोबाच्या वाडीला जाऊन येऊ. तुम्ही चालवायची. आई मागं शेठच्या जागेवर."

"मी त्या गाडीत बसायची न्हाई," दारातून आईचा आवाज आला. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. एवढंच बोलून ती आत गेली.

मला रागच आला. अकरा महिन्यांचे कष्ट, तेही जिच्यासाठी, ती साधं कौतुक करत नाही म्हणजे काय! मी तिच्यामागं आत जायला निघाले, तेवढ्यात आण्णांनी माझा हात धरला.

"तिला बोलू नको. बस हितं."

आम्ही पायरीवर बसलो. आण्णा किल्ली या हातातून त्या हातात करत होते.

"तुला भरत ठाव हाय?"

"फोटोतला. माझा मोठा भाऊ. माझ्या जन्माच्या आधी तापानं गेला."

"ताप न्हवता. घटसर्प होता."

आमच्या घरात भरतचं नाव घेतलं जात नसे. देव्हाऱ्याजवळ एक लहानसा फोटो होता, टोपडं घातलेल्या पोराचा. सणाला आई त्याला कुंकू लावायची. लहानपणी मी एकदोनदा विचारलं होतं, तेव्हा "तापानं गेला" एवढंच उत्तर मिळालं होतं.

"चार वर्सांचा होता," आण्णा म्हणाले. "अडुसष्ट साल. आपण खणभागात राहायचो, परीट मामाच्या शेजारी. त्या दिवशी शेठच्या पुतणीचं लगीन होतं. गावभागात कार्यालय होतं, सकाळधरनं पावणे ने-आण करत होतो. दुपारी मुहूर्त झाला, पंगती बसल्या. मी दारात गाडी लावून उभा. तर परीट मामा पळत आला. म्हणला, केरबा, पोराला श्वास घ्यायला येईना, गळा सुजलाय, मिरजेला न्यायला पायजे."

त्यांनी गाडीकडं हात केला.

"गाडी दारात होती. किल्ली खिशात होती. खणभाग पाच मिन्टांवर. तिथनं मिरज किती? पंधरा मिन्टं, फार तर वीस. तवा रस्त्यावर गर्दी कुठं होती?"

"मग शेठनी नाही म्हटलं?" मी विचारलं. माझा आवाज वर चढला होता.

"शेठला ईचारलंच न्हाई मी."

आण्णा बोटांतली किल्ली फिरवत राहिले.

"मांडवाच्या दारात गेलो. आत व्याह्यांची पंगत बसलेली. शेठ सोवळं नेसून सवता वाढत होते, हातात तुपाची वाटी. मी म्हणलं, एवढी पंगत उठू दे. पावण्यांच्या समोर कसं ईचारायचं? ड्रायव्हर माणूस मी. तिथं चपला काढायच्या जागेवर उभा राहिलो. शेठनी एकदा बघितलं माझ्याकडं, हसलेसुदिक. त्यांना वाटलं, जेवायला आलाय. मला म्हणले, बस, पुढच्या पंगतीला बस. मी मान हलवली. अर्धा तास. छाया, अर्धा तास मी तिथं उभा होतो. मग काय झालं कुणाला ठाव, तसाच पळत सुटलो. पायी. गाडी तिथंच. घरी पोचलो तर दाराला कडी. टांग्यानं घेऊन गेली होती तुझी आई. टांगा मिरजेला पोचायला तास-सव्वा तास."

रस्त्यावरून एक भंगारवाला ओरडत गेला. आण्णांनी तो लांब जाऊ दिला.

"डॉक्टर म्हणले, तासभर आधी आणला असता तर घशात नळी घालून वाचवला असता. तेराव्याला शेठ घरी आले. खाली घोंगड्यावर बसले. म्हणले, किल्ली तुझ्याजवळच होती की रे केरबा. मला ईचारायचं कशाला? असं म्हणून रडायला लागले. तो माणूस वाईट न्हवता. शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

"आणि तरी तुम्ही वीस वर्षं हीच गाडी चालवली?"

"दुसरं काय येत होतं मला?"

झेंडूचा हार बोनेटवर ऊन खात पडला होता. अकरा महिने मी या माणसाला त्या गाडीच्या पुढ्यात बसवलं होतं आणि हौसेनं सगळ्यांना सांगत फिरले होते.

"मी आत्ता टेम्पो बोलावते," मी उठले. "आजच्या आज इथनं हलवते. तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत, आण्णा? पहिल्याच दिवशी सांगायचं!"

"खाली बस. हलवायची असती तर मी व्हॉल्व्ह घासले असते व्हय?" त्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. "मला एकदा चालवायची हाय. कार्यालयाच्या दारातनं, खणभागातनं, मिरजेपतोर. कुणाला न ईचारता. मग तू काय करायचं ते कर तिचं."

आत भांड्याचा आवाज झाला. मग आई बाहेर आली. पदर नीट घेतला होता, पायात चपला होत्या. गेले अकरा महिने तिनं न ओलांडलेला उंबरा ओलांडून ती सरळ गाडीकडं गेली. आण्णा गडबडीनं उठले आणि सवयीनं मागचं दार उघडायला धावले.

"राहू द्या," आई म्हणाली. "मला येतंय."

तिनं दार उघडलं, आत बसली, लावून घेतलं. "चला. दिवस मावळायच्या आत जाऊन येऊ."

मी पुढं आण्णांच्या शेजारी बसले. चाकाखाली लिंबं ठेवायची राहूनच गेली. फाटकातून बाहेर पडताना एक धक्का बसला. पुढं मात्र गाडी इतकी अलगद चालली की गिअर बदललेला कळत नव्हता. आण्णांना चालवताना मी खूप वर्षांनी बघत होते. पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर लांब.

गावभागात ते कार्यालय आता उरलं नव्हतं. त्या जागी दुकानांची तीन मजली इमारत उभी होती, रविवार म्हणून निम्मी शटरं बंद. आण्णांनी गाडी एका औषधाच्या दुकानासमोर लावली आणि इंजिन बंद केलं. मिनिटभर समोर बघत बसले. मग त्यांनी किल्ली काढली, शर्टाच्या खिशात ठेवली, पुन्हा बाहेर काढली आणि गाडी सुरू केली. दुकानदार बाहेर येऊन कौतुकानं बघत होता. "काय गाडी ठेवलीय हो!" तो म्हणाला. आण्णांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही.

खणभागातली गल्ली अरुंद होती. आमचं जुनं घर पाडून कुणीतरी दुमजली बांधलं होतं. गॅलरीत एक बाई वाळत घातलेले कपडे काढत होती. आण्णांनी दारासमोर गाडी थांबवली आणि एकदा हॉर्न वाजवला. बाईनं वाकून पाहिलं. "कोण पाहिजे?" तिनं विचारलं.

मी मागं वळून पाहिलं. आई काचेतून दाराकडं बघत होती. तिच्या मांडीवर तिचे दोन्ही हात पालथे पडले होते.

"थांबू नका," ती म्हणाली. "चला."

मिरजेच्या रस्त्याला लागल्यावर आण्णांनी वेग वाढवला. एवढ्या वेगानं त्यांना मी कधी चालवताना पाहिलं नव्हतं. उसाचा ट्रॅक्टर मागं टाकला, एसटी मागं टाकली. नवीन बांधलेलं इंजिन इतक्यात एवढं पळवू नये, हे मीच मुलांना शिकवत असे. पण मी जीभ आवरली. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. मी ते पदराखाली झाकलं. आण्णांनीही कुठं घड्याळाकडं पाहिलं नाही.

दवाखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं हात केला. "पेशंट आहे का?"

आण्णांनी मान हलवली. "न्हाई."

"मग गाडी बाहेर लावा."

त्यांनी गाडी भिंतीलगत कडुनिंबाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. बोनेटमधून गरम धातूचा टकटक आवाज येत होता.

"पोचलो," आण्णा म्हणाले. मग त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लोक फाटकातून ये-जा करत होते, कुणाच्या हातात डबे, कुणाच्या हातात एक्सरेची पाकिटं.

"मला एक सांगायचं हाय," मागून आई म्हणाली.

आण्णांनी मान वर केली नाही.

"परीट मामा तुमच्याकडं दुपारी आला. पण तो सकाळी दहालाच म्हणला होता, हौसाबाई, पोराचं लक्षण बरं दिसंना, मी केरबाला बोलवून आणतो. आवाज बसला होता भरतचा. पाणी गिळंना झाला होता. मीच नको म्हणलं. म्हणलं, लग्नाचं घर हाय, अक्षता पडायच्या आहेत, तिथं आजारपणाचा निरोप धाडायचा म्हणजे अपशकुन व्हईल. शेठाणी बाईंना काय वाटंल? पडतील अक्षता, मग बघू. मीठ-हळदीचं पाणी पाजत बसले. एक वाजेपतोर बसले."

आण्णा हळूहळू सरळ बसले. पण मागं वळले नाहीत.

"तुम्ही तुमचा अर्धा तास धरून बसला," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता, हिशेबाची वही वाचावी तसा. "माझे तीन तास मी कुणाला सांगितलं न्हाईत. परीट मामाला भरतच्या नावानं शपथ घातली होती, तो सांगायचा न्हाई म्हणून. तुम्हाला वाटत आलं, मी तुमच्यावर राग धरून हाय, म्हणून गाडीकडं बघत न्हाई. मी वाटू देत होते तुम्हाला तसं. सदतीस वर्सं. चुकलं माझं."

समोरच्या आरशात मला आईचा चेहरा दिसत होता. आण्णांनाही तो दिसत असणार, कारण ते आरशाकडंच बघत होते.

"दहाला?" त्यांनी विचारलं.

"दहाला."

"तुझं वय काय होतं गं तवा?"

"वीस-एकवीस आसंल."

"पोरच होतीस की," आण्णा म्हणाले.

तेव्हा आई रडली. मी तिला आयुष्यात फार थोड्या वेळा रडताना पाहिलंय, पण असं नाही. तोंडात पदराचा बोळा कोंबून, सगळं अंग हलवून. आण्णांनी दार उघडलं, खाली उतरले आणि माझ्या बाजूला येऊन किल्ली खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली.

"छाया, तू घे."

मग ते मागचं दार उघडून आईच्या शेजारी बसले. अंग चोरून, कडेला, नवीन पाहुणा बसतो तसे. मी पुढच्या सीटवरून सरकत स्टिअरिंगमागं गेले आणि गाडी सुरू केली.

मी आरसा मुद्दाम थोडा वर केला, म्हणजे मला ते दिसणार नाहीत. मैलभर गेल्यावर आण्णांचा आवाज आला.

"गूळ लागायचा त्याला भाकरीसंगं."

"गूळ न्हाई. काकवी," आई म्हणाली. "गूळ तुम्हाला लागतो."

"काकवीच. आणि सगळ्या अंगाला फासून घ्यायचा."

"एकदा परीट मामाच्या धुतलेल्या धोतरांना हात पुसले होते. कुणाची होती ती? वकिलांची ना?"

"वकिलांची. मामा काठी घेऊन आला आणि ह्यो त्याच्याच मांडीवर जाऊन बसला."

आई हसली का रडली ते मला नीट कळलं नाही. मी भावाविषयी पहिल्यांदाच काही ऐकत होते. तो बोबडं बोलायचा. मोटारीला 'पीपी' न म्हणता 'आण्णा' म्हणायचा. रस्त्यानं कुठलीही मोटार गेली की 'आण्णा आला' म्हणून ओरडायचा. डावखुरा होता. कुत्र्यांना भीत नसे, कोंबड्यांना भीत असे. एक सांगायला लागलं की दुसरं मध्येच दुरुस्त करायचं, आणि दुसऱ्याचं पहिल्याला पटायचं नाही, मग दोघं भांडायचे, दिवाळी होती का दसरा, टोपडं निळं होतं का हिरवं.

सांगलीचा फाटा दिसू लागला. सरळ गेलं असतं तर आम्ही दहा मिनिटांत घरी पोचलो असतो. मी पेट्रोलचा काटा बघितला, वेग कमी केला आणि गाडी अंकलीच्या लांबच्या रस्त्याला वळवली. मागं कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.